साडेअकराच्या वर दोन रेघा

४ मार्च

ताई,

पत्रात आधी खुशाली विचारतात. तुला ती विचारायचा हक्क मला राहिला आहे की नाही, ठाऊक नाही, म्हणून इकडचंच लिहिते. भावजी वाचून दाखवतीलच. भावजी, जरा भरभर वाचा. तुम्ही एकेक शब्द घास चावल्यासारखा वाचता आणि त्यात चांगली बातमीही रडकी वाटते, असं ताईच म्हणायची.

आई बरी आहे. तिला ऐकू कमी येतं, पण तिच्या फायद्याचं असेल ते बरोबर येतं. शेजारणींना सांगत असते, माझी धाकटी बस डेपोत कामाला आहे. आमचं कुपोषित पोरांचं केंद्र जुन्या डेपोत आहे हे खरंच, पण त्यामुळे लोक तिला गाड्यांच्या वेळा विचारतात आणि ती सांगतेही. मागच्या आठवड्यात एक म्हातारा तिच्या भरवशावर दुपारभर फाट्यावर बसून राहिला. लढाई सुरू झाल्यापासून इथून एकही बस सुटलेली नाही.

आता केंद्रही बंद होतंय. संस्थेच्या मोठ्या कचेरीतून माणसं आली होती. भिंतीवर पांढरा कपडा लावून त्यांनी चित्रं दाखवली. म्हणाले, तातडीची मदत संपली, आता लोकांना पायावर उभं करायचं. दहा वर्षांचं काम आहे. विहिरी, बियाणं, सुईणींना शिकवणं. आणि आयांनी आपल्या पोरांच्या दंडाचं माप घरच्या घरी घ्यायला शिकायचं. ते कोण शिकवणार म्हणून विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

परवा वर्कशॉप रिकामं केलं. गाडीच्या पोटाखाली शिरून दुरुस्ती करायचे ते लांब खड्डे तुला आठवत असतील. त्यांच्यावर फळ्या टाकून आम्ही पोरांच्या चटया अंथरल्या होत्या. फळ्या उचलल्यावर खाली चमचे निघाले, एक चप्पल, बाहुलीचं डोकं, आणि शेंगदाण्याच्या औषधी लगद्याची रिकामी पाकिटं. पोरांनी चोखून टाकलेली, पोतंभर. झाडणारी बाई म्हणाली, "बघा, एवढं खाल्लं पोरांनी." ती खुशीत म्हणाली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

गेल्या जूनबद्दल या पत्रात लिहिणार नाही.

आई रोज विचारते, ताईचं काही आलं का. लांब आहे, नदीपलीकडे, असं मी सांगते.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

ज्याच्या हाती पत्र दिलं होतं त्या टँकरवाल्याला विचारलं. म्हणाला, "दिलं पत्र. भावजींनी घेतलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण मला पाणी दिलं." पाण्याच्या टँकरवाल्याला पाणी दिलं हे त्याला फार गमतीचं वाटलं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्या वस्तीच्या समितीने शिकायला येणाऱ्या दहा बायकांची नावं पाठवली आहेत. चौथं नाव तुझं आहे. यादी टेबलावर ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वस्तीला तू एप्रिलच्या बावीसला जा, तीन दिवस." आपण बहिणी आहोत हे बाईंना माहीत आहे, आणि जूनमध्ये काय झालं तेही. तरी त्यांनी यादी माझ्याच पुढे ठेवली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मी नाही म्हटलं नाही.

तुझं नाव तू स्वतः दिलंस की समितीने टाकलं, ते मला कळायला मार्ग नाही. तुला नको असेल तर टँकरवाल्याजवळ नुसतं "नको" म्हण. तुझ्या जागी दुसरी कुणी येईल, कुणी कारण विचारणार नाही. पण यायची असशील तर आपण दहा महिन्यांनी समोरासमोर येणार आणि आपल्या मध्ये दंड मोजायची तीच टेप असणार. म्हणून त्या मंगळवारचं आधी बोलून टाकावं असं मला वाटतं.

रांग फाटकाबाहेर गेली होती. तू बाविसाव्या की तेविसाव्या नंबरवर होतीस. मी मान वर केली तेव्हा तुझा पदरच आधी ओळखला आणि तुझ्या कडेवर कोण आहे ते मला क्षणभर कळलं नाही. गोटी होती. जन्मली तेव्हा इतकी गोल होती, की नाव ठेवायच्या आधीच सगळे तिला गोटी म्हणायला लागले. ती गोटी तुझ्या खांद्यावर मान टाकून बघत होती आणि तिचे डोळे तेवढे आधीच्या मापाचे राहिले होते.

तिने मला ओळखलं. माझ्या गळ्यातली शिट्टी धरली.

खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण केली. टेप गुंडाळली. सैल नाही, घट्ट नाही, कातडीला टेकेल इतकीच. टेपच्या खिडकीत पिवळा रंग आला. साडेअकराच्या वर दोन रेघा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे पोराला लगेच भरती करून लगदा सुरू करायचा. पिवळ्याला आठवड्याने परत बोलवायचं. एरवी पिवळ्यालाही घरी न्यायला पीठ मिळायचं, पण तेव्हा रस्ता बंद होता आणि पीठ संपलं होतं.

तू वाकून, मागच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "जरा आवळ ना."

मी म्हटलं, "ताई, असं नाही करता येत. सगळ्यांना सारखंच."

"मी सगळ्यांतली आहे का?"

"इथे आहेस."

मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी आण." गोटीच्या मुठीतून शिट्टी सोडवून घेतली, कारण पुढचं पोर आलं होतं.

ती सोमवारी गेली. जुलाब लागले आणि दीड दिवसात संपलं. तिला जमिनीत ठेवलं तेव्हा मी तुझ्यामागे उभी होते. तू माझ्याकडे वळून एवढंच म्हणालीस, "तुला शाळेत सोडायला मी जायचे." माझी शाळा चालू राहावी म्हणून तुझी बंद झाली, हे आपल्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. तूही नाही. त्या दिवशीही तू पुढचं बोलली नाहीसच.

नियम मी केलेला नव्हता, ताई. मी कुणासाठीच टेप आवळत नव्हते. तुझ्याशी वेगळं वागले नाही, एवढं तरी माझ्या बाजूने धर.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

ताई,

टँकरवाला म्हणाला, तू "नको" म्हटलं नाहीस. "हो"ही म्हटलं नाहीस. म्हणजे येणार आहेस असं मी धरते, आणि म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय.

भावजी, हे पत्र जसं आहे तसं वाचा. मध्येच थांबू नका. गाळू नका.

मागच्या पत्रात शेवटी एक वाक्य मी खोटं लिहिलं. ते गेल्या जूनमध्येही खोटंच होतं आणि मी ते तुझ्या तोंडावर बोलले होते.

मी टेप आवळत होते. एप्रिलपासून. पहिल्यांदा जुळ्यांसाठी आवळली. एक लाल होता, दुसरा एका रेघेने पिवळा. त्यांची आई पायी चार दिवस चालून आली होती आणि एकालाच आत घेतो म्हटल्यावर ती भांडली नाही, रडली नाही, नुसती दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. मी म्हटलं, थांबा, नीट बघते. पुन्हा गुंडाळली आणि बोटाने इतकीशी ओढली. कुणाला कळलंही नाही. त्यानंतर एक पाय भाजलेली मुलगी. मग एका आजोबांनी आणलेला नातू. अशी अकरा पोरं झाली. त्यातल्या एकाही आईने मला आवळ म्हटलं नव्हतं. माझं मीच करत होते आणि करून झाल्यावर मला दिवसभर बरं वाटायचं. ते बरं वाटणंही तुला सांगायला हवं.

तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, डॉक्टरीणबाईंनी चटयांवरच्या सगळ्या पोरांची मापं स्वतः घेतली. त्याच सकाळी घेतलेल्या अकराव्या पोराच्या दंडावर माझ्या टेपचा वळ होता. मला त्यांनी औषधांच्या खोलीत बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "किती दिवसांची पाकिटं शिल्लक आहेत, बघितलंस? नऊ दिवसांची. तू मनाने लाल करतेस, तेव्हा जो खरा लाल आहे, जो उद्या रांगेत येणार आहे, त्याचं तू काढून घेतेस. तो तुला दिसत नाही, एवढंच." मग म्हणाल्या, "पुन्हा दिसलं तर टेप काढून घेईन." टेप काढून घेणं म्हणजे काम जाणं, आणि कामावरच तर आईचं आणि माझं चाललं होतं. पण मी कामाला घाबरले असं लिहिलं तर तेही पुरतं खरं होणार नाही. मला लाज वाटली होती. त्या रात्री मी ठरवलं, उद्यापासून एक रेघ इकडची तिकडे करायची नाही, कुणीही येवो.

आणि तू आलीस.

परकी असतीस तर कदाचित माझा निश्चय तिथेच मोडला असता. तू बहीण होतीस. रांग बघत होती, बाई दारात उभ्या होत्या, आणि सख्ख्या भाचीसाठी आवळली असं कुणी म्हणू नये, याची मला गोटीपेक्षा जास्त काळजी वाटली. परक्यांच्या अकरा पोरांसाठी जे केलं ते तुझ्या एका पोरीसाठी केलं नाही.

गोटी भरती झाली असती तर वाचली असती का, हे बाईंनाही सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं आहे. पण तिथे मीठ-साखरेचं पाणी होतं, सलाईन होतं, आणि बाई होत्या.

बावीसला येताना हे तुला माहीत असलेलं बरं. त्यानंतरही तुला यायचं असेल तर ये.

धाकटी


२८ एप्रिल

भावजी,

हे पत्र तुमच्या नावाने आहे. ताईच्या नावाने लिहिलं की ते कुठल्या खिशात जातं हे आता मला कळलं आहे.

मी रागावून लिहीत नाही. बावीसला वस्तीच्या फाटकापाशी तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "तिसरं पत्र मी तिला वाचलं नाही. वाचायला बसलो आणि तोंडातून दुसरंच काहीतरी बोललो. आईच्या गुडघ्यांचं, पावसाचं. तिने आता कुठे दोन घास जेवायला सुरुवात केली आहे. तुम्हीही सांगू नका." मी मान हलवली. तुम्ही त्याला होकार समजलात आणि मीही तेव्हा तसंच समजले होते.

मग तुम्ही पाण्याच्या रांगेत गेलात. त्यानंतर खोपटात काय झालं हे ताईने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून सांगते. मी तुमचा शब्द कसा मोडला हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं.

मी आत गेले तेव्हा ती डाळ निवडत होती. उठली. माझ्या दोन्ही गालांना हात लावून म्हणाली, "किती वाळलीस." माझी तयारी वेगळ्याच गोष्टीची होती. मला बसवलं, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि सुपाकडेच बघत बोलायला लागली.

"मी तुझ्यावर फार चिडले होते. मनात तुला नको नको ते बोलले. मग इथे त्या केंद्रावरून आलेल्या बाया भेटल्या. त्या म्हणाल्या, ती मापवाली कुणाचं ऐकायची नाही, सख्ख्या भाचीचंही ऐकलं नाही तिने. माझ्यासमोरच म्हणाल्या, त्यांना काय माहीत. पहिल्यांदा वाटलं, उठून जावं. पण ते मनात राहिलं. म्हटलं, असू दे. माझी पोर गेली, पण माझ्या बहिणीने लबाडी नाही केली. जे सगळ्यांना तेच मला." मग म्हणाली, "म्हणून मी समितीला नाव दिलं माझं."

भावजी, मी तिथे गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. तुम्ही पाणी घेऊन आला असतात, आपण तिघं जेवलो असतो. पण ती जिला माफ करत होती ती बाई मी नव्हते. तिने माझा हात हातात घेतला तेव्हा मला तो दुसऱ्या कुणाचा तरी घेतल्यासारखा वाटला.

मी सांगितलं. पत्रात होतं ते सगळं, त्याच क्रमाने.

तिची बोटं डाळीत तशीच थांबली. तिने विचारलं, "किती?"

"अकरा."

"त्यांच्या आया तुझ्या कोण होत्या?"

"कुणी नाही."

"त्यांनी मागितलं होतं?"

"नाही."

"मी मागितलं."

"हो."

"मी मागितलं म्हणून नाही दिलंस."

मी हो म्हटलं. तिने सूप खाली ठेवलं. "जगली का ती?"

"दहा जगली."

ती उठली, दाराशी गेली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "बरं झालं," म्हणाली. तिच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. मग म्हणाली, "तू आता समितीच्या खोलीत जा. तुझी झोपायची सोय तिकडे केली असेल." तुम्ही पाणी घेऊन आलात तेव्हा मी निघाले होते आणि तुम्हाला वाटलं, मला थकवा आला आहे.

दुसऱ्या दिवशी ती शिकायला येणार नाही अशी माझी खात्री होती. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. "बाई, खूण इथेच करायची का?" असं तिने मला विचारलं. बाई. शिकवणी संपेपर्यंत मी तिच्यासाठी बाई होते आणि ती मला अहो-जाहो करत होती. इतर बायकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दहा जणींत तिचा हात सगळ्यात स्थिर होता. मी आठ महिन्यांत जे शिकले ते तिने दुपारपर्यंत उचललं. तिला शाळेत राहू द्यायला हवं होतं, असं मनात आलं आणि मी फळ्याकडे तोंड केलं.

शेवटच्या दिवशीचं तुम्ही लांबून बघितलंत, पण बोलणं तुम्हाला ऐकू आलं नसेल. आम्ही वस्तीतली त्रेचाळीस पोरं मोजून टेपा गोळा करत होतो. ताई म्हणाली, "खोपटांच्या मागच्या ओळीतल्या विधवेची मुलगी आलेली नाही." कुणीतरी म्हणालं, तिला ताप आहे, झोपली आहे. ताई गेली. परत आली ती पोरीला कडेवर घेऊन, आणि मागे तिची आई धावत.

"अकरा-दोन," ती म्हणाली. "बाई, तुम्ही एकदा बघा."

मी माप घेतलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, टेपच्या टोकाकडे, माझ्या अंगठ्याकडे. मी कधी कुणाच्या नजरेखाली इतकं सावकाश माप घेतलं नाही. अकरा-दोन होतं. लाल. आवळायची गरज नव्हती.

पोर आणि तिची आई आमच्या गाडीतून येणार असं ठरलं. ताईने पोरीला स्वतः उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, मान माझ्या कोपरात नीट बसवली. "वाटेत चमच्याचमच्याने पाणी दे," म्हणाली. तिचं अहो-जाहो तेवढ्यापुरतं सुटलं होतं. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी तिने दार धरून ठेवलं होतं.

"पुढच्या महिन्यात माप तपासायला गाडी येईल ना?"

"बावीसलाच."

"आईला पाठव तिच्यातून."

मी विचारलं, "आणि मी?"

पोरीचा पाय चादरीबाहेर आला होता, तो तिने आत सारला. "आईला एकटीला गाडीतून उतरता येतं का?"

"नाही येत. धरावं लागतं."

"मग," ती म्हणाली आणि दार लावलं.

ती पोरगी आता जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. ताप उतरला. काल तिने अर्धं पाकीट खाल्लं आणि उरलेलं आईने मागितलं तरी दिलं नाही. हे ताईला आजच्या आज सांगा. बाकी सांगू नका, पण हे सांगा.

मी आईला घेऊन बावीसला येते. तिला धरून खाली उतरवेन. पुढे घरात यायचं की गाडीपाशी थांबायचं, ते मला माहीत नाही आणि तुम्ही ताईला विचारूही नका. तिथे आल्यावर जे होईल ते होईल.

आणि ते तिसरं पत्र अजून तुमच्याजवळ असेल तर फाडू नका. तिला देऊन टाका. तिला वाचता येत नसलं तरी ते तिचं आहे.

तुमची,
धाकटी